डावा कान

रुवैस सोडलं तेव्हा पहाटेचे पाच.
हमरस्त्यावरचे विजेचे फलक धुक्यात तांबडे होऊन सांगत होते,
ऐंशीच्या वर जाऊ नका.
मी सत्तरवर होते.
चौथ्या परीक्षेला मिळालेलं लायसन्स पर्समध्ये,
ह्यांच्या मांडीवर फाईल, थर्मास
आणि चौकड्यांची ती शाल,
जी इथे वर्षातून वीस दिवस लागते.

तेवीस वर्षं गाडी हेच चालवायचे.
मी शेजारी बसून ह्यांच्या उजव्या कानाशी बोलायचे:
मुलीची फी, गॅस, कुडाळच्या फ्लॅटचा हप्ता.
डावा कान प्लांटमधल्या कॉम्प्रेसरने आधीच नेला होता.
उजवा मग त्याच्या मागोमाग निघाला,
थोरल्याचं बघून धाकट्याने शाळा सोडावी तसा.
मार्चमध्ये मागच्या टँकरचा भोंगा
ह्यांना ऐकूच आला नाही.
घरी येऊन हात धुतले, पानावर बसले,
आणि किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली.
बोललो नाही आम्ही त्यावर.

म्हणून आता माझ्या बाजूला डावा कान.
समोर काही दिसत नसलं की माणूस बोलत सुटतो.
तारीफ येईपर्यंत मी बोलत होते.
आईच्या वेळचं तिकीट,
जे दोन दिवसांनी काढू, स्वस्त मिळेल म्हणालात,
त्याबद्दलसुद्धा बोलले.
अकरा वर्षांनी, सत्तरच्या वेगाने.
हे पुढे बघत मान हलवत होते,
ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी,
सगळ्यालाच हो.

अबू धाबीत ऊन पडलं होतं.
क्लिनिकमध्ये ‘मिस्टर पडवळ’ अशी हाक आली
आणि मी उठले.

तपासणारी मुलगी लिजी, कोट्टयमची.
तिच्याकडे शब्दांच्या याद्या होत्या,
हिंदी, मल्याळम, अरबी, इंग्रजी.
मराठीची नव्हती.
तुम्हीच बोला, म्हणाली. तोंडासमोर कागद धरा,
ओठ दिसता कामा नयेत. घरातले शब्द घ्या, साधे.

साखर, मी म्हटलं.
भाकर, हे म्हणाले.
खिसा.
मिशा.
शेवगा.
हे थोडे थांबले. बघा?
लिजी खाली मान घालून टिपत होती.
मला हसू येत होतं आणि कागद हलत होता.
किती वर्षं आमच्या घरात
ही अशी मिशांची भाकर चाललीय कोण जाणे.
शेवटी काही सुचेना, म्हणून म्हटलं,
अहो.
काय? म्हणत हे मागे वळले.
लिजीने विचारलं, हा शब्द बरोबर आला का?
मी म्हटलं, आला.

विमा एकाच कानाचे पैसे देतो.
दुसऱ्याचे पाच हजार आठशे दिरहम, ज्याचे त्याने भरायचे.
दोन्ही कान आता सारखेच आहेत, लिजी म्हणाली,
कुठलाही सांगा.
मला वाटलं उजवा सांगतील, फोनचा.
लेफ्ट, हे म्हणाले.
आणि माझ्याकडे बोट दाखवून तिला हिंदीत,
गाडी अब ये चलाती है.

परतताना वळणावर हे दचकले.
हे काय टिकटिकतंय?
सिग्नल, म्हटलं. घेतल्यापासून वाजतो.
मग माझ्या बांगड्या वाजत होत्या,
मग थर्मासचं झाकण,
मग एसीचा आवाज असा असतो होय?
पंपावर कडक चहा घेतला.
कागदी पेला चुरगाळला तो आवाज ह्यांनी दोनदा ऐकला.

मिर्फाच्या अलीकडे, कुंपणापलीकडे उंट उभे असतात तिथे,
ह्यांनी विचारलं,
सकाळी धुक्यात काय सांगत होतीस गं?
खूप वेळ सांगत होतीस.

काही नाही.

हे मात्र नीट ऐकू आलं असावं.
ह्यांनी शाल घडी करून मागच्या सीटवर ठेवली,
कानातलं ते बोटाने चाचपलं,
आणि काढलं नाही.
फलकांवर आता काहीच लिहिलेलं नव्हतं.
मी शंभरवर गेले.